टेगनची चाळणी

आयरीन डग्डेलला तुम्ही पुसून टाकलंत. मारलं असं कोणी म्हणत नाही. ती जिवंत आहे, गावाबाहेरच्या वृद्धाश्रमात खिडकीकडं तोंड करून बसलेली असते. पण तुमच्या आकड्यांतून ती गेली, आणि जाताना तिच्या वाट्याची मिनिटंही गेली. पुसायचं फडकं तुम्ही एका कोवळ्या पोरीच्या हातात दिलंत, तिनं पुसल्यावर तिची पाठ थोपटलीत, आणि या सगळ्याला शिक्षण म्हणालात. तुमचं नाव घेण्यात अर्थ नाही. तुमच्या दारावर नाव नसतंच, हुद्दा असतो. माणूस बदलतो, खुर्ची तीच राहते. तुम्ही कोण ते तुम्हाला पक्कं ठाऊक आहे, तेवढं पुरे.

पोरीचं नाव टेगन हार्ग्रीव्ह्ज. उत्तर इंग्लंडमधल्या ब्रॅकनशॉची. कालव्याच्या काठी जिथं गिरण्या होत्या आणि आता गाद्यांची गोदामं आहेत, त्याच्या वरच्या उतारावर एकाला एक चिकटलेली दगडी घरं आहेत, त्यातल्या एकात ती आणि तिची आई गेनर राहतात. टेगनचं गणित चांगलं. गणित चांगलं असलेली ब्रॅकनशॉची पोरं लांबच्या विद्यापीठात जातात आणि मग नाताळला पाहुण्यासारखी घरी येतात. टेगननं वेगळी वाट धरली. गावच्या कौन्सिलनं, म्हणजे तिथल्या नगरपालिकेनं, शिकाऊ डेटा अ‍ॅनालिस्टची जागा काढली होती. आठवड्यातले चार दिवस कौन्सिलच्या कचेरीत काम, एक दिवस विद्यापीठात वर्ग. पगार कौन्सिलचा, फीही कौन्सिलच भरणार. चार वर्षांनी हातात पदवी. गेनरच्या घराण्यात पदवी कोणी जवळून पाहिलेली नव्हती. जागा मिळाल्याचं कळलं त्या दिवशी तिनं शेजारच्या तीन घरांत जाऊन सांगितलं, आणि चौथ्या घराशी बोलणं बंद होतं तरी त्यांच्या दारासमोर उभं राहून मोठ्यानं फोनवर सांगितलं.

यात एक मेख होती. शेवटच्या परीक्षेला बसण्याआधी साहेबानं सही करून सांगावं लागतं, की पोरगी तयार आहे. त्या टप्प्याला तिथं फाटक म्हणतात. फाटकाची किल्ली विद्यापीठाकडं नसते. चार वर्षं राबा, गुण मिळवा, साहेबाची सही झाली नाही तर तुम्ही शिकाऊचे शिकाऊ.

टेगनचा साहेब रॉबिन कॅटरॉल. साहेब हा शब्द मात्र तिथं चालत नाही. त्या कचेरीत सगळे एकमेकांना नावानं हाक मारतात, अरेतुरे करतात, आणि साहेब कोण हे दारावरच्या रखवालदारालाही ठाऊक असतं. रॉबिन माणूस वाईट नव्हता, आणि हीच खरी पंचाईत होती. टेगनच्या वाढदिवसाला तो स्वतः केलेला लिंबाचा केक घेऊन यायचा. विद्यापीठाच्या दिवशी तिला कोणी काम चिकटवायला आलं तर "आज आमची प्रोफेसर शाळेत गेली आहे" असं सांगून परत पाठवायचा. नोकरकपातीच्या तीन लाटांतून त्यानं आपला विभाग वाचवला होता. वाचवायचं कसं, ते त्याला बरोबर कळलं होतं. वरच्या मजल्याला आवडेल असा आकडा वेळेवर पोचवायचा.

दुसऱ्या वर्षी टेगनच्या हातात घरपोच सेवेचा डेटा आला. गावात एकटी राहणारी म्हातारी माणसं शेकड्यांनी आहेत. त्यांना उठवायला, धुवायला, खाऊ घालायला केअरर बायका जातात. बायका खाजगी कंपनीच्या, काम कौन्सिलचं. कौन्सिलनं प्रत्येक भेटीला अर्धा तास ठरवून दिलेला. दाराच्या आतल्या बाजूला एक चकती चिकटवलेली असते. बाईनं आत शिरताना फोन तिला टेकवायचा, बाहेर पडताना पुन्हा टेकवायचा. मधली मिनिटं आपोआप कौन्सिलकडं जातात.

टेगननं ती मिनिटं मांडली तेव्हा चित्र विचित्र दिसलं. एक मोठा उंचवटा पंचवीस-तीस मिनिटांपाशी, आणि त्याच्यापासून तुटून, पार डावीकडं, पाच-सहा मिनिटांपाशी दुसरा लहान उंचवटा. तिनं रॉबिनला विचारलं. तो तिच्या खांद्यावरून वाकून बघत म्हणाला, की हे फोनचे घोळ आहेत, बाया दोनदा टेकवतात, आत आल्या आल्या बाहेर पडल्याची नोंद होते. काढून टाक.

त्याच आठवड्यात विद्यापीठात हाच धडा झाला होता. फटकून असलेले आकडे. दोनशे बारा वर्षांचा रुग्ण, नव्वद किलोचं तान्हं बाळ; असं काही दिसलं की ते आधी बाजूला काढायचं, नाहीतर सरासरी बिघडते. शिकवणाऱ्या डॉक्टर आडेयेमी बाई वर्ग संपता संपता एवढंच म्हणाल्या होत्या, की काढण्याआधी विचारायचं, हा आकडा कुणाचा आहे. टेगननं ते वाक्य उतरवून घेतलं होतं, खाली रेघही मारली होती. पण विचारायचं कुणाला? तिनं साहेबाला विचारलं होतं. एकोणीस वर्षांची पोर आणखी कुणाला विचारणार?

तिनं नियम लिहिला. सात मिनिटांच्या आतल्या सगळ्या भेटी चुकीच्या धरून वगळायच्या. लहान उंचवटा नाहीसा झाला. सरासरी अठ्ठावीस मिनिटांवर आली. रॉबिननं खुर्ची मागं सरकवून टाळ्या वाजवल्या आणि त्या नियमाचं बारसं केलं: टेगनची चाळणी. वरच्या मजल्यावर दाखवायच्या पानावर तेच नाव गेलं. पुढं दर महिन्याचा अहवाल त्या चाळणीतून जाऊ लागला. टेगनला ते आवडलं, हे लपवण्यात अर्थ नाही. लिफ्टमध्ये अनोळखी माणूस म्हणायचा, अरे, चाळणीवाली तू का? आणि तिचे कान लाल व्हायचे.

गेनर केअरर होती. त्याच कामावर, त्याच गावात. आईची मिनिटं लेकीच्या पडद्यावर येतात हे दोघींनाही माहीत होतं, पण डेटात नावं नसतात, नुसते क्रमांक असतात. शिवाय दोघी घरी आल्या की एकीला कामाचं बोलायचं नसे आणि दुसरीचं काम पहिलीला कळत नसे. दीड-दोन वर्षं असंच चाललं.

शेवटच्या वर्षी, मार्चमधल्या एका शनिवारी, गेनर स्वयंपाकघरात कामाचे निळे अंगरखे वाळत घालत होती. टेगन टेबलाशी बटाट्याच्या तळलेल्या फोडींवर ग्रेव्ही ओतत होती. गेनर म्हणाली, की मिसेस डी इस्पितळात आहे.

मिसेस डी म्हणजे आयरीन डग्डेल. ब्रॅकनशॉची निम्मी तरुण पोरं तिच्या हातचं खाऊन वाढली. ती प्राथमिक शाळेत जेवण वाढायची. कस्टर्डवर साय धरते, ती कुणालाच नको असते. टेगनला हवी असायची. मिसेस डी तिच्यासाठी ती पळीच्या पाठीनं अलगद उचलून ठेवायची आणि म्हणायची, ये गं माझ्या मांजरी.

"काय झालं तिला?"

"सुकली," गेनर म्हणाली. "अंगात पाणीच नव्हतं. मग ते मूत्राचं इन्फेक्शन, मग भ्रम. मला नर्स म्हणाली, ती भिंतीशी बोलते. तिच्या भाचीनं कौन्सिलकडं तक्रार केली, तर त्यांचं उत्तर बघ. म्हणे नोंदीप्रमाणे भेट सरासरी अठ्ठावीस मिनिटांची, म्हणजे चहापाणी पुरेसं विचारलं गेलं असणार, म्हातारीनंच नको म्हटलं असणार." गेनर हसली. "अठ्ठावीस. कुणाच्या घरात गं? मी तिच्याकडं सहा मिनिटांच्या वर थांबल्याचं मला आठवत नाही. गोळ्या, सँडविच, डायपर बघायचा, पळायचं. चहा ठेवला तर तो निवेपर्यंत थांबायला कोण बसलंय? तिचे हात थरथरतात, गरम कप तिला धरता येत नाही. मी कप ठेवून जायची. तो तिथंच राहायचा."

टेगनच्या हातातली ग्रेव्हीची बरणी ताटलीवर तशीच तिरकी राहिली.

"सहाच का? अर्धा तास असतो ना."

"अर्धा तास कागदावर. तिच्यानंतरचं घर टेकडीच्या पलीकडं. आमच्या वेळापत्रकात एक भेट दहाला संपते आणि दुसरी दहाला सुरू होते. मधे टेकडी आहे, पण वेळापत्रकात टेकडी नाही. मग पाच-पाच मिनिटं सगळ्यांचीच कापायची, नाहीतर दोघा-तिघांची सरळ मान कापायची. जी बडबड करत नाही, तक्रार करत नाही, तिची कापतो आम्ही. मिसेस डी गुणाची होती. जा गं बाई, तुला उशीर होतोय, असंच म्हणायची."

टेगननं विचारलं, की आई, तुमच्याकडून चकतीला फोन दोनदा टेकतो का, चुकून?

"दोनदा टेकला तर कंपनीचा फोन येतो, काय गोंधळ घातला म्हणून. चुकायची सोय आहे का आम्हाला?" मग तिनं लेकीच्या तोंडाकडं पाहिलं. "काय झालं तुला? ग्रेव्ही सांडतेय."

सोमवारी टेगननं चाळणी काढली. बाकी काही करावं लागलं नाही; एक ओळ बंद केली आणि तो लहान उंचवटा जिथं होता तिथं पुन्हा उभा राहिला. आता तो मोठ्याच्या बरोबरीला आला होता. फोनचा घोळ असता तर त्या छोट्या भेटीला लागून लगेच दुसरी, खरी भेट दिसली असती. तिनं शोधलं. नव्हती. सहा मिनिटांनी दार बंद झालं की ते संध्याकाळपर्यंत उघडत नव्हतं. हे सगळं पहिल्या दिवशीही असंच दिसलं असतं, कोणी बघितलं असतं तर. पाच भेटींतल्या दोन चाळणीखाली पडल्या होत्या. सरासरी अठ्ठावीसवरून एकोणिसावर आली. आणि ती एकोणीसही खोटीच म्हणायची, कारण कुणालाच एकोणीस मिनिटं मिळत नव्हती. काहींना अर्धा तास मिळत होता आणि काहींना कप ठेवण्यापुरता वेळ.

तिनं रॉबिनला दाखवलं. त्यानं आपल्या काचेच्या खोलीचं दार लावून घेतलं आणि दोन्ही उंचवटे पडद्यावर पाहून घेतले. तो खोटं बोलला नाही, एवढं त्याला द्यायला हवं.

"आकडा बरोबर असेल," तो म्हणाला. "पण तुझ्या प्रकल्पाचा प्रश्न हा नाही."

प्रकल्प हा पदवीचा शेवटचा भाग. नोकरीच्या ठिकाणचा खरा प्रश्न घ्यायचा आणि सोडवून दाखवायचा. तिचा प्रश्न शरद ऋतूतच ठरला होता, त्यावर सह्या झाल्या होत्या: घरपोच सेवेचा मासिक अहवाल लवकर कसा निघेल. तिनं तो तीन दिवसांवरून एका सकाळवर आणला होता. सुरेख काम होतं. आणि त्याच्या पोटात चाळणी होती.

टेगन म्हणाली, की खोटा आकडा लवकर काढायचा हा काय प्रश्न झाला? रॉबिन म्हणाला, की टेगन, पोरी, हे दोन वर्षं वर गेलेलं आहे. त्यावर कंपनीचा करार पुढं चालू झालाय. तक्रारींना उत्तरं गेलीत. आता शिकाऊ पोरगी उठून म्हणाली की सगळं चुकलं, तर आधी विचारतील नियम कुणी लिहिला. पानावर नाव कुणाचं आहे?

त्यानं धमकी दिली नाही. काळजीच्या सुरात सांगितलं. धमकी परवडली असती.

घरी टेगननं आईला सगळं सांगितलं, पहिल्यापासून. ऐकून झाल्यावर गेनर म्हणाली, की म्हणजे मी जिथं जिथं गेले तिथं मी गेलेच नव्हते. बरं झालं कळलं. माझे गुडघे उगाच दुखतात.

मग ती चिडली, पण भलत्याच बाजूनं. हे बाहेर आलं तर मान कुणाची जाईल, असं तिनं विचारलं. वेळापत्रक करणाऱ्या पोराची? करार करणाऱ्यांची? सहा मिनिटांत पळून गेलेली बाई कोण, तर गेनर हार्ग्रीव्ह्ज. कामचुकार मी ठरेन. म्हातारीला सुकवली मी.

"तू गप्प पास हो," ती म्हणाली. "पदवी घे, चांगली नोकरी धर, मग त्यांच्या नाकावर टिच्चून काय बोलायचं ते बोल. तेव्हा ऐकतील तरी."

"तेव्हा मी बोलेन का पण?"

गेनरनं किटली भरली, बटण दाबलं, आणि पाणी उकळून आपोआप बंद झाल्यावरही ओट्याशी पाठमोरी उभी राहिली.

त्या शिक्षणात दर तीन महिन्यांनी तिघांची बैठक असते: शिकाऊ, साहेब आणि विद्यापीठाची बाई. आधी शिकाऊनं आपण काय शिकलो ते सांगायचं, मग साहेबानं कौतुक करायचं, मग तिघांनी सह्या करून बिस्किटं खायची. एप्रिलमधली बैठक शेवटची होती, फाटकाची. डॉक्टर आडेयेमी बाई मँचेस्टरहून स्वतः आल्या होत्या, पावसानं ओली छत्री खुर्चीच्या पाठीला अडकवून बसल्या होत्या.

टेगननं दोन्ही चित्रं समोर ठेवली. चाळणीसकट आणि चाळणीविना. ती म्हणाली, की तुम्ही वर्गात म्हणाला होतात, काढण्याआधी विचारा हा आकडा कुणाचा आहे. मी आता विचारलंय. हा आयरीन डग्डेलचा आहे, आणि हा माझ्या आईचा.

बाईंनी दोन्ही चित्रं शेजारी शेजारी धरली. हुशार बाई. त्यांना सगळं एका नजरेत कळलं होतं, तिच्या पुढचंही कळलं होतं. कौन्सिल त्यांच्या विद्यापीठाकडं दरवर्षी डझनभर पोरं पाठवते.

"हे फार चांगलं काम आहे," त्या म्हणाल्या. "तू चूक शोधलीस, ती स्वतःची म्हणून मान्य केलीस. माझ्या हातात असतं तर मी यालाच जास्त गुण दिले असते."

"मग कुणाच्या हातात आहे?"

बाईंनी रॉबिनकडं पाहिलं नाही. त्या म्हणाल्या, की मालकानं मान्य केलेला प्रश्न विद्यापीठाला परस्पर बदलता येत नाही. पण प्रत्येक अहवालाच्या शेवटी, कामात काय राहून गेलं ते सांगणारा, मर्यादा नावाचा भाग असतो. तिथं लिहिता येईल. अगदी रीतसर.

रॉबिनचा चेहरा उजळला. तो म्हणाला, की हे बघ, हे झकास आहे. शेवटी एक परिच्छेद लिही, सात मिनिटांखालच्या नोंदींचा पुढं अधिक अभ्यास व्हायला हवा वगैरे. मी आत्ता, इथं सही करतो.

"मिसेस डी मर्यादेत बसवायची," टेगन म्हणाली.

"कोण मिसेस डी?"

रॉबिननं बिस्किटांची बशी तिच्याकडं सरकवली. मग तो हळू आवाजात म्हणाला, की नाहीतर माझा नाइलाज आहे. फाटकाच्या कागदावर व्यावसायिक वर्तन असा एक रकाना असतो. आपल्या संस्थेचा आकडा बाहेरच्या माणसासमोर असा मांडणं त्या रकान्यात कसं बसवू, तूच सांग. शुक्रवारपर्यंत विचार कर.

बाहेरचा माणूस म्हणजे तिची शिक्षिका. चार वर्षांत हे पहिल्यांदाच कळलं.

गुरुवारी दुपारी टेगननं तो परिच्छेद लिहिला. लिहायला बसली आणि सहज जमून गेला. अल्पकालीन नोंदी वगळण्याच्या निकषाची वैधता तपासण्यास वाव आहे. वाक्य इतकं गुळगुळीत होतं की हात फिरवावा. कुणाचा हात थरथरत नव्हता त्यात, कुठला कप निवत नव्हता. चार वर्षांत आपण नक्की काय शिकलो ते तिला त्या वाक्यात दिसलं. असं वाक्य लिहिता येणं, हीच पदवी होती. बाकी गणित तिला आधीपासून येत होतं.

तिनं तो परिच्छेद काढला. चाळणी काढली. अहवालाचं पहिलं पान नव्यानं लिहिलं, त्यावर नियम कुणी लिहिला, का लिहिला, कुणाला विचारायचं राहून गेलं हे सरळ सांगितलं, आणि दोन्ही चित्रं शेजारी शेजारी लावली. शुक्रवारी सकाळी ते रॉबिनच्या टेबलावर ठेवलं.

त्यानं सही केली नाही. "अजून तयार नाही," एवढंच लिहिलं. डोळे लाल होते त्याचे. तो म्हणाला, की मला दोन पोरं आहेत आणि माझ्या हाताखाली अकरा माणसं आहेत. टेगन म्हणाली, ठाऊक आहे. मग तिनं आपला कप धुऊन पिशवीत टाकला. ऑगस्टमध्ये तिची नेमणूक संपते. सहीवाचून परीक्षा नाही, परीक्षेवाचून पदवी नाही, आणि अर्धवट शिकाऊला दुसरं कौन्सिल उभं करत नाही.

गेनरला हे सांगितल्यावर आता ती फाडून खाणार, असं टेगनला वाटलं होतं. गेनरनं फक्त विचारलं, की माझं नाव घातलंस का त्यात? टेगन म्हणाली, नाही, केअरर म्हटलंय नुसतं. गेनर म्हणाली, "हं." त्यानंतर बरेच दिवस तो विषय निघाला नाही.

मे महिन्यातल्या एका संध्याकाळी गेनर कामावरून आली, अंगरखा न बदलता आरशासमोर केस नीट केले, आणि म्हणाली, "कोट घाल. जायचंय."

ती तिला टाउन हॉलमध्ये घेऊन गेली. वरच्या मजल्यावरच्या लाकडी सभागृहात, म्हाताऱ्यांच्या सेवेचं बघणाऱ्या तुमच्या समितीची बैठक होती. बैठकीच्या सुरुवातीला गावातल्या कुणालाही एक प्रश्न विचारता येतो, आठवडाभर आधी लिहून कळवला तर. एरवी ती पंधरा मिनिटं कुत्र्यांच्या घाणीवर आणि गाड्यांच्या पार्किंगवर जातात. त्या दिवशी तुम्ही अध्यक्षाच्या खुर्चीतून नाव पुकारलंत, आणि टेगनशेजारून तिची आई उठली. निळा अंगरखा, छातीवर कंपनीचं नाव. मागच्या बाकावर बसलेली मिसेस डीची भाची पुढं वाकली.

गेनरच्या हातात कागद होता, तो तिनं वाचला नाही.

"माझं नाव गेनर हार्ग्रीव्ह्ज," ती म्हणाली. "मी आयरीन डग्डेलकडं जात होते. दर सकाळी सहा मिनिटं. कधी पाच. चकतीला फोन टेकवून आत गेले, टेकवून बाहेर आले, तुमच्याकडं सगळं आहे. मी पळाले, ते माझं. मी ते कबूल करते, मला त्याचं जे करायचं ते करा. पण तुम्ही तिच्या भाचीला लिहिलंत की मी अठ्ठावीस मिनिटं थांबले. मी थांबले नव्हते. मला माहीत आहे, मी तिथं होते. माझ्या लेकीनं तुम्हाला हे लिहून दिलं, तर तुम्ही म्हणालात ती तयार नाही. मग माझा प्रश्न एवढाच आहे, अध्यक्ष. उरलेली मिनिटं कुठं गेली?"

सभागृहात कोणीतरी खोकलं. टेगनला आईकडं बघवेना. ती समोरच्या बाकाच्या लाकडावर कोरलेली कुणाची तरी आद्याक्षरं बघत राहिली. तिला उगाच मिसेस डीची पळी आठवली.

तुम्ही घड्याळाकडं पाहिलंत. शेजारच्या कारकुनाच्या कानाला लागलात. मग चष्मा नाकावर सारून हसलात आणि बाईंचे आभार मानलेत. प्रश्न महत्त्वाचा आहे म्हणालात. तपशील गुंतागुंतीचा असल्यानं लेखी उत्तर पाठवलं जाईल म्हणालात. पुढचा विषय, म्हणालात. पुढचा विषय बाजारातल्या फुलांच्या कुंड्यांचा होता.

जिना उतरताना टेगननं आईचा दंड धरला. कोपऱ्यावरच्या दुकानातून त्यांनी खिमा भरलेले दोन पॅटिस घेतले, उकडलेले मटार घेतले, आणि कालव्याच्या कठड्यावर बसून खाल्ले. गेनर म्हणाली, की बोलताना माझा आवाज कापत होता ना? टेगन म्हणाली, की नव्हता. तो कापत होता.

"तू कधीपासून खोटं बोलायला लागलीस?" गेनर म्हणाली.

"शाळेत शिकवलं," टेगन म्हणाली, आणि दोघी हसल्या, पण पोटभर नाही.

दुसऱ्या दिवसापासून कंपनीनं गेनरला फेरीवर पाठवलेलं नाही. चौकशी चालू आहे असं तिला सांगितलं. कशाची, ते सांगितलेलं नाही. डॉक्टर आडेयेमी बाईंनी विद्यापीठात काही लिहून दिलं म्हणतात. ते कुठल्या रकान्यात पडलं कोण जाणे. टेगन रविवारी वृद्धाश्रमात जाते. आयरीन डग्डेलला ती ओळखू येत नाही. कोमट चहाचा कप टेगन स्वतःच्या हातानं तिच्या ओठाला लावते आणि शेवटचा घोट संपेपर्यंत धरून ठेवते. त्याला किती वेळ लागतो ते तिनं एकदाही मोजलेलं नाही.

मासिक अहवाल अजून निघतो. एका सकाळीत निघतो, पोरीनं शिकवलं तसाच. सरासरी अठ्ठावीस आहे. पानावरून टेगनचं नाव तेवढं काढलंत, चाळणी ठेवलीत.

लेखी उत्तर आलेलं नाही. गेनर रोज दाराच्या फटीतून पडलेलं टपाल उचलते, पिझ्झाच्या जाहिराती बाजूला करते. ती थांबली आहे. ती सहा मिनिटांत निघून जाणारी बाई आता कुठं जाणार नाही, तेवढं समजून असा. तुम्हाला पानं भरून लिहायची गरज नाही, तज्ज्ञ नेमायची गरज नाही. दाराच्या आत चकती होती, कप ओट्यावर होता, म्हातारी खुर्चीत होती आणि अर्धा तास तुम्हीच तिच्या नावावर लिहिला होता. त्यातली मिनिटं कुणी घेतली? आणि जिनं ती शोधून तुमच्यापुढं ठेवली ती तयार नाही, तर तयार कोण, तुम्ही? उत्तर द्या.